सत्ताविसाव्या खांबाजवळची पानं

१

टॅक्सीवाला आसिएदू गुरुवारी पावणेसहाला मेला, आणि तेव्हापासून रोज पावणेसहाला हजेरी लावू लागला. निदान कुमासीच्या रस्ता नियंत्रण कक्षात तरी सगळ्यांचं हेच मत होतं. ऊन कललं की नव्या यंत्राची घंटी वाजायची, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लाल चौकट उमटायची आणि खाली अक्षरं यायची: खांब २७. रस्त्यावर माणूस. चौकटीत माणूस म्हणून कुणी नसायचं. रिकामं डांबर, पलीकडच्या पादचारी पुलाची आडवी सावली, बस्स.

त्या सोमवारीही तसंच झालं. एस्थरनं आधी छातीवर क्रूस केला आणि मग ‘नाही’चं बटण दाबलं.

“प्रेत अजून बर्फात आहे ना त्याचं,” ती म्हणाली. “खटला संपेपर्यंत घरचे पुरणार नाहीत म्हणतात. मग कुठं जाईल तो, आंटी? येतो बिचारा मेला तिथंच.”

सेर्वा बोन्सूनं तिला गप्प बसायला सांगितलं, पण तिच्याही अंगावर काटा आला होता. सेर्वा या खोलीतली सगळ्यात जुनी. तेरा वर्षं ती खिडकीजवळच्या चार नंबरच्या खुर्चीत बसून उत्तरेचा वळणरस्ता बघत आली होती, आणि निवृत्तीला तिला दोन महिने उरले होते. आधी नऊ पडदे होते, लुकलुकणारे, पावसात नुसता पांढरट धूर दाखवणारे. आता एकच भिंतभर पडदा, छत्तीस नवे कॅमेरे, आणि त्यांच्यामागं स्वतः बघणारं यंत्र. रस्त्यावर काही वावगं दिसलं की ते चौकट काढून विचारायचं: माणूस? बंद गाडी? कचरा? ऑपरेटरनं तीस सेकंदांच्या आत फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबायचं. पुढचे निरोप यंत्र आपलं आपण पाठवी.

यंत्राची परीक्षा झाली तो दिवस नेमका आसिएदूचा गुरुवार होता. राजधानीतून पाहुणे आले होते, टाळ्या वाजल्या होत्या. सेर्वानं त्या दुपारी एकेचाळीस घंट्यांना सरासरी चार सेकंदांत उत्तर दिलं. त्याचं प्रशस्तिपत्र तिच्या खुर्चीवरच्या भिंतीला टांगलेलं होतं, आणि घरी नवऱ्याच्या एका प्रश्नाला उत्तर द्यायला आंटी चार दिवस घेतात, अशी एस्थर तिची चेष्टा करी. सेर्वाला ती चेष्टा आवडायची. म्हातारपणी नवं यंत्र अंगवळणी पाडलं याचा तिला अभिमान होता, आणि तो का नसावा?

टाळ्या संपल्या आणि अपघाताची बातमी आली. पुलापलीकडच्या वळणावर ओंडक्यांचा ट्रक बंद पडला होता. आसिएदू मावळतीच्या उन्हात डोळे बारीक करून वळणावर आला आणि थेट ट्रकाच्या शेपटात घुसला. अठ्ठाविसाव्या खांबावर अजूनही कॅमेरा बसला नव्हता, नुसता रिकामा डबा होता. त्यामुळं खुद्द अपघात कुणीच पाहिला नाही.

ट्रकवाला ट्वुमासी त्या दिवसापासून कोठडीत होता, आणि त्याची बहीण पोकुआ त्या दिवसापासून नियंत्रण कक्षाच्या फाटकाशी एका पालथ्या खोक्यावर बसून होती. ती कुणाला शिव्या देत नव्हती, कुणापाशी काही मागत नव्हती. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला ती एकच वाक्य ऐकवी. त्या संध्याकाळी सेर्वा निघाली तेव्हा तिनं तेच ऐकवलं.

“माझ्या भावानं पानं ठेवली होती.”

गाडी बंद पडली की झाडाच्या फांद्या तोडून मागं लांबपर्यंत रस्त्यावर टाकायच्या, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. हिरवं दिसलं की पाय आपसूक ब्रेकवर जातो. सेर्वानं तर तेरा वर्षं त्या धुरकट पडद्यांवर दुसरं काही शोधलंच नव्हतं. डांबरावर हिरवा डाग दिसला की ती क्रेनला फोन लावायची.

एरवी ती पोकुआला ‘दुए’ म्हणून सांत्वनाचा एक शब्द टाकून पुढं जात असे. आज का कोण जाणे, थांबली. पोकुआनं पदराच्या गाठीतून वकिलानं दिलेला पोलिसांचा फोटो काढून तिच्या हातात दिला. ट्रकाच्या शेपटाला टेकून फांद्या पडल्या होत्या, आणि फांद्यांखाली फुटलेली काच चमकत होती. म्हणजे आधी काच फुटली, मग पानं आली. शिवाय सत्ताविसाव्या खांबाची अपघाताच्या वेळची चित्रफीत सेर्वानं स्वतः पाहिली होती. टॅक्सी भरधाव निघून जाते, रस्ता स्वच्छ, पानाचा पत्ता नाही. माणूस मेल्यावर म्हाताऱ्या ट्वुमासीनं घाबरून पानं आणून टाकली, असं पोलिसांचं म्हणणं होतं. शुक्रवारी निकाल होता.

“एनो, फोटो तर तुमच्या भावाविरुद्धच बोलतोय,” सेर्वा आईला हाक मारावी तसं हळूच म्हणाली.

“फोटो नीट बघ,” म्हातारी म्हणाली. “तुझं कामच ते आहे ना?”

२

सेर्वाला त्या रात्री झोप लागली नाही. अपघात झाला तेव्हा पडद्यासमोर तीच होती, आणि आपल्याला काहीच दिसलं कसं नाही, हा किडा तिला अठरा दिवस पोखरत होता. मंगळवारी तिनं सुट्टी टाकली आणि कोठडीत जाऊन ट्वुमासीला गाठलं.

एकसष्टचा माणूस तीन आठवड्यांत सत्तरीचा दिसायला लागला होता. लक्तरासारखा शर्ट खांद्यावरून ओघळत होता. सेर्वानं आपण कुठून आलो ते सांगितलं तेव्हा तो कडवट हसला. तिनं त्याला वोफा म्हटलं, मामाला म्हणतात तसं, तेव्हा मात्र जरा निवळला आणि सगळं सांगू लागला.

मागचा स्प्रिंगचा पाटा तुटला तेव्हा चार वाजायचे होते. क्लीनरला त्यानं मेकॅनिक आणायला पिटाळलं आणि स्वतः कोयता घेऊन कडेच्या काशिदाच्या फांद्या तोडल्या. तीन ढीग केले. पहिला पार मक्याची केंकी विकणाऱ्या बाईच्या टपरीसमोर, दुसरा तिथून वीस पावलं पुढं, तिसरा पुलाच्या अलीकडं. मग तो वळणापलीकडं ट्रकाखाली शिरला आणि जॅक लावत बसला. तिथून त्याला ढीग दिसत नव्हते.

“मग ट्रकाच्या शेपटाशी पानं कुणी ठेवली?”

“मी नाही. मी त्या पोराला बाहेर ओढत होतो, मॅडम. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मान वर केली तर पानं तिथं, माझ्याशेजारी.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “पोलीस म्हणाले, पानांना पाय फुटले काय रे म्हाताऱ्या? आता डोळा लागला की तेच दिसतं. पानं उठतात आणि टपरीपासून माझ्याकडं चालत येतात.”

सेर्वा उठली. निघताना त्यानंच तिला थांबवलं.

“एक विचारू? तुमच्याकडं ते डोळस यंत्र आलंय म्हणे. दोन तास माझी पानं त्याच्या नाकासमोर पडली होती. त्यानं बघितली नाहीत?”

  पहारेकऱ्यानं वेळ संपल्याचं सांगितलं.

३

परतताना बसमध्ये तिनं तो फोटो पुन्हा काढला. पोकुआ म्हणाली होती नीट बघ, म्हणून ती काच सोडून पानंच बघत राहिली. आणि मग ती ताठ बसली.

पानांनी माना टाकल्या होत्या. काशिदाची फांदी तोडल्यावर तासा-दीड तासानं पानं लोंबू लागतात, हे तिच्या अंगणातल्या झाडामुळं तिला पक्कं ठाऊक होतं. अपघातानंतर म्हाताऱ्यानं धावत जाऊन फांद्या तोडल्या असत्या, तर दहा मिनिटांनी काढलेल्या फोटोत त्या ताज्या टवटवीत दिसायला हव्या होत्या. या फांद्या तोडल्या होत्या चारच्या सुमाराला. ठेवल्या होत्या मात्र पावणेसहानंतर. दोन तास ट्रकाखाली कण्हणारा माणूस फांद्या तोडून जवळ कशाला घेऊन बसेल?

म्हणजे म्हातारा खरं बोलत होता आणि फोटोही खरं बोलत होता. पानं चारला टपरीसमोर होती. मग कुणीतरी ती उचलली. आणि अपघात झाल्यावर त्याच कुणीतरी परत आणून ठेवली. पानं चालत आली नव्हती, त्यांना कुणीतरी आणलं होतं.

ती तशीच कक्षात गेली. अभियंता अडोमाको अजून जागेवर होता. यंत्र बसवण्याची सगळी जबाबदारी त्याची. शांत, नेटका, कधी आवाज न चढवणारा माणूस. सेर्वानं त्याला विचारलं की त्या दिवसाच्या आणखी चित्रफिती आहेत का. यंत्र सगळं साठवत नसे, घंटी वाजली तेवढेच तुकडे ठेवी, आणि तेही एकवीस दिवस.

“पोलिसांना दिला तोच तुकडा, भरधाव टॅक्सीमुळं घंटी वाजली तो,” तो म्हणाला. “दुसरं काही नाही.”

हे सांगताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. मग विषय बदलून म्हणाला की सत्ताविसाव्या खांबाची खोटी घंटी फार झाली, पुलाच्या सावलीनं यंत्र फसतंय, गुरुवारी तो तेवढा रस्त्याचा तुकडा यंत्राच्या नजरेतून झाकूनच टाकणार आहे. सेर्वाच्या मनात पाल चुकचुकली. परीक्षेच्या दिवशी पडदा स्वच्छ दिसावा म्हणून कुणाला पानं नकोशी झाली असतील, तर ती या माणसाला.

तेवढ्यात घंटी वाजली. पावणेसहा झाले होते. एस्थरचा हात बटणाकडं गेला, तो सेर्वानं मनगट धरून थांबवला.

“दाबू नकोस. बघू दे.”

ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. पुलाची आडवी काळी पट्टी रस्त्यावर पडली होती. तिच्या कडेला लागून आणखी एक सावली होती, लांबलचक, बारीक, आणि ती हलत होती. चित्रात माणूस नव्हता, कारण माणूस चौकटीबाहेर पश्चिमेला उभा होता. मावळतीच्या उन्हानं त्याची नुसती सावली आत फेकली होती. सावली कमरेत वाकली, थोडी थांबली, दोन पावलं मागं सरली आणि पुन्हा वाकली. एस्थर रडायच्या बेतात होती.

सेर्वाच्या अंगावर मात्र वेगळाच शहारा आला. असं वाकणं तिनं तेरा वर्षांत हजारदा पाहिलं होतं. रस्त्यावर पानं ठेवणारा माणूस असाच वाकतो.

४

बुधवारी साडेपाचला ती पुलापलीकडच्या वळणावर जाऊन उभी राहिली. गाड्या अंगावर वारा फेकत जात होत्या. काँक्रीटच्या कठड्याला लागून, ट्रक उभा होता तिथंच, काशिदाच्या डहाळ्या ओळीनं मांडल्या होत्या. अलीकडची मलूल, त्यामागची गुंडाळलेली, मग पिवळी, मग तपकिरी, आणि शेवटी नुसत्या काड्या. सेर्वानं मोजल्या. एकोणीस भरल्या. आसिएदूला जाऊन वीस दिवस झाले होते.

विसावी घेऊन एक बाई येत होती. नारिंगी जाकीट, गवती टोपी, पुढं ढकलगाडी आणि तिच्यात लांब दांड्याचा झाडू. सेर्वाला मनातल्या मनात हसू आलं, आणि त्याची लाजही वाटली. रस्त्यावर वीस दिवस पानं साचतात आणि ती कुणी उचलत नाही, कारण उचलणारीच ती ठेवते.

बाईचं नाव मान्सा. सेर्वाला बघून ती पळाली नाही. डहाळी ठेवली, हात जाकिटाला पुसले आणि म्हणाली, “आलात? मला वाटलंच होतं, कुणीतरी येईल.”

“तूच उचललीस पानं?”

“मीच.”

तिनं सगळं सरळ सांगून टाकलं. बहुधा वीस दिवस ती मनाशी तेच घोकत होती. नव्या यंत्रापासून झाडणाऱ्या बायकांना फोनवर हुकूम येऊ लागले होते. खांबाचा आकडा आणि दहा मिनिटांची मुदत, चुकलं की नावापुढं तांबडी खूण, तीन खुणा झाल्या की काम गेलं. त्या दिवशी हुकूम आला तेव्हा ती टपरीपाशीच होती. पानं बघून तिचाही हात अडखळला. पण वळणामुळं ट्रक दिसत नव्हता, आणि गाडी दुरुस्त झाली की पानं तशीच टाकून निघून जाणारे ड्रायव्हर तर रोजचेच.

“मी म्हटलं, वरून बघणाऱ्यांना सगळं दिसतं. ते उचल म्हणतात म्हणजे गाडी गेली असणार. त्यांनी बघितलंय, मग मी कोण विचारणार?”

तिन्ही ढीग तिनं गाडीत भरले. थोड्याच वेळात आवाज झाला. मान्सा गाडी ढकलत धावली, आणि समोर दिसलं ते दिसलं.

“मग परत का ठेवलीस?”

मान्सानं वाकून डहाळी सरळ केली. “मला वाटलं, पानं परत ठेवली की मागचं सगळं परत होईल. वेड्यासारखं वाटलं. अजूनही रोज या वेळेला तसंच वाटतं.”

सेर्वानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिनं तो हुकूम दाखवायला सांगितला, आणि मनात अडोमाकोचं नाव तयार ठेवलं. मान्सानं फोन पुढं केला. निरोप तिनं पुसला नव्हता.

‘खांब २७. कचरा. १० मिनिटांत उचला. ५:३१. ऑपरेटर ४.’

“यातला शेवटचा आकडा कशाचा, ते काही मला कळत नाही,” मान्सा म्हणाली.

सेर्वाला कळला होता. ती कठड्यावर बसली, एकोणीस वाळल्या डहाळ्यांच्या शेजारी.

५

माणूस शेवटपर्यंत पळवाट शोधतो. चार नंबरच्या खुर्चीत त्या क्षणी दुसरं कुणी बसलं असेल, एखाद्या पाहुण्यानं गंमत म्हणून बटण दाबलं असेल, अशा आशेवर सेर्वानं रात्र काढली. गुरुवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी कक्षात आली. अपघाताचे आणि बंद गाड्यांचे तुकडे सगळ्यांनी धुंडाळले होते. ‘कचरा’ या नावाखाली कुणीच बघितलं नव्हतं. तिनं ते उघडलं.

पाच एकतीसचा तुकडा भिंतभर उमटला; हा कॅमेरा त्या दिवशी साडेपाचलाच यंत्राला जोडला होता. लाल चौकट, आणि चौकटीत तीन ढीग, हिरवेगार, ओळीत, जुन्या नऊ पडद्यांवरसुद्धा लपले नसते असे. यंत्राला गाड्या शिकवल्या होत्या, माणसं, जनावरं, धूरसुद्धा शिकवला होता. पानं कुणी शिकवली नव्हती. म्हणून त्यानं विचारलं होतं: कचरा? कोपऱ्यात चार नंबरच्या खुर्चीत बसलेल्या बाईचं छोटं चित्र होतं, कारण नवं यंत्र बघणाऱ्यालाही बघत असे. बाई पाहुण्यांकडं तोंड करून हसत होती. तिचं बोट बटणावर होतं. उत्तर: हो. वेळ: तीन सेकंद.

सेर्वानं तो तुकडा सात वेळा पाहिला. तिला काहीएक आठवत नव्हतं. एकेचाळिसातली एकही घंटी आठवत नव्हती, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

“मी पहिल्याच आठवड्यात बघितला होता,” मागून आवाज आला. अडोमाको दारात उभा होता. “तुमच्यासाठीच गप्प बसलो, मॅडम.”

“आणि यंत्रासाठी.”

“आणि यंत्रासाठी,” त्यानं कबूल केलं. तो हळू आवाजात समजूत घालू लागला. आज संध्याकाळी पाच एकतीसला एकवीस दिवस भरतील आणि तुकडा आपोआप पुसला जाईल. तिनं फक्त घरी जाऊन पडावं. म्हाताऱ्याला फार तर वर्षभराची शिक्षा होईल. तिनं तोंड उघडलं तर तेरा वर्षांचं नाव मातीत जाईल, वर खटला तिच्यावरच चालेल. “तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत. घाई आम्हीच करायला लावली. चूक सगळ्यांची थोडी थोडी आहे.”

“थोडी थोडी वाटून घेतली की कुणाच्याच वाट्याला काही येत नाही, अडोमाको. सगळी मिळून त्या म्हाताऱ्याच्याच वाट्याला येते.”

तुकडा बाहेर काढायची किल्ली अडोमाकोकडं होती, आणि तो ती काढत नव्हता. सेर्वानं त्याच्याशी वाद घातला नाही. ती खाली फाटकाशी गेली, खोक्यावर बसलेल्या पोकुआचा हात धरला आणि तिला जिना चढवून वर आणलं. चार नंबरच्या खुर्चीत बसवलं. मग तुकडा लावला.

पोकुआ पडद्याकडं बघत राहिली. तिचे ओठ हलत होते, ती ढीग मोजत होती.

“ही माझ्या भावाची पानं,” ती म्हणाली.

“हो, एनो. आणि ती उचलायला सांगणारी मी. ती कोपऱ्यात हसतेय ना, ती मी.”

 म्हातारीनं आधी कोपऱ्यातल्या चित्राकडं पाहिलं, मग सेर्वाकडं, मग पुन्हा चित्राकडं. ती रडली नाही की ओरडली नाही. काठी टेकत उठली आणि एकटीच जिना उतरून गेली. सेर्वाला वाटलं, तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

अडोमाकोनं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

६

शुक्रवारी न्यायाधीशांनी तुकडा दोनदा बघितला. फोटोतली मलूल पानं, मान्साच्या फोनवरचा निरोप आणि पाच एकतीसची चौकट एकापुढं एक मांडली, तेव्हा वकिलाला फारसं बोलावंच लागलं नाही. हुकूम कुणी दिला, असं विचारल्यावर सेर्वा उभी राहिली. पुरावा म्हणून तिनं भिंतीवरून उतरवलेलं प्रशस्तिपत्रही आणलं होतं. सरासरी चार सेकंद, असं त्यावर सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं, आणि ते तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

ट्वुमासी दुपारी सुटला. सेर्वाला कामावरून दूर केलं गेलं, चौकशीची तारीख पडली, मान्सावर काही ठपका ठेवला नाही. आसिएदूची बायको कोर्टात सुतकाच्या लाल-काळ्या कापडात मागच्या बाकावर बसली होती. सेर्वा तिच्यापुढं जाऊन उभी राहिली, पण ‘दुए’ हा एवढासा शब्द तिच्या तोंडून फुटेना. बायकोनंच तिच्याकडं बघून सांगितलं की आता त्याला पुरता येईल, येत्या शनिवारी. यावं की येऊ नये, हे ती बोलली नाही. बाहेर पोकुआ भावाचा हात धरून चालली होती. जाता जाता ती सेर्वापाशी क्षणभर थांबली.

“बघायला उशीर केलास,” ती म्हणाली. “पण बघितलंस.”

आणि ती भावाला घेऊन बसस्टॉपकडं गेली.

संध्याकाळी सेर्वा वळणावर गेली. मान्सा आलीच होती.  कडेच्या काशिदाची एक फांदी सेर्वानं मोडली, अर्धी मान्साला दिली, आणि दोघी वाकल्या. समोर सूर्य पुलाच्या उंचीवर आला होता. त्यांच्या सावल्या मागं लांबच लांब जाऊन सत्ताविसाव्या खांबाखाली पडल्या होत्या. अडोमाकोनं तो रस्त्याचा तुकडा झाकला नव्हता; सेर्वाला ठाऊक होतं, आत्ता त्या खोलीत घंटी वाजत असेल.

तिच्या पिशवीतला फोन वाजला. एस्थर होती. ती आता चार नंबरच्या खुर्चीत बसत होती.

“आंटी, खांब सत्तावीस. आज दोन आहेत. यंत्र विचारतंय, माणूस? तीस सेकंदांतली वीस गेली. काय दाबू?”

“काही दाबू नकोस, पोरी,” सेर्वा म्हणाली. “आधी बघ.”